प्रथम पाहणाऱ्याची सही

माझी मावशी गावाच्या सार्वजनिक बागेत चौतीस वर्षं माळीकाम करते आहे. बागेतले सगळेच तिला मावशी म्हणतात, पण खरी भाची मी एकटी; बाकीचे मानलेले. मी बागेच्या ऑफिसात कारकून आहे आणि मावशीच्या वशिल्यानं लागले असं माझ्या मागे बोललं जातं. ते खरं असल्यामुळे मी वाद घालत नाही.

तिच्याबद्दल लिहायचं तर आधी एक गैरसमज दूर करायला हवा. फुलांमध्ये राहणारी माणसं हळवी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला गोगलगायी वेचताना बघावं. बुटकी, रुंद खांद्यांची, गुडघ्यांनी कुरकुरणारी बाई. काखेत एक रबराचा तुकडा कायम असतो, तो टाकायचा आणि त्यावर गुडघे टेकायचे. कोटाच्या खिशात चाकू, सुतळी आणि अर्धी पेन्सिल. नाकावर माशी बसू देत नाही. घरी तिच्या एकही कुंडी नाही. "दिवसभर त्यांचंच करते, घरी तरी माझं मला जगू द्या," म्हणते. तिचे यजमान, माझे काका, शिलाई मशिनं दुरुस्त करतात. ते चौतीस वर्षांत बागेत दोनदा आले: एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला आणि एकदा पावसात अडकले म्हणून.

ती इथे लागली ती तण उपटायला, रोजंदारीवर. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि झाडांतलं तिला काही कळत नव्हतं, हे ती स्वतःच सांगते. हिवाळा संपत आला होता. मोठ्या फाटकासमोर, उत्तरेच्या भिंतीला लागून जो लांब वाफा आहे तो साफ करायला तिला सांगितलं. वाफ्यात गवताची पाती वर आलेली दिसली. तिनं दोन तासांत हातभर रुंदीचा पट्टा मुळासकट उपटून टोपलीत भरला आणि कौतुक होईल म्हणून थोरल्या माळ्याला दाखवायला नेला. ते गवत नव्हतं. बागेत वर्षाचं पहिलं फूल ज्यांना येतं त्या कंदांची ती पानं होती. थोरला माळी काय बोलला ते ती अजून सांगत नाही, पण तो पुढे जे म्हणाला ते सांगते: "आता जशी उपटलीस तशी पुन्हा लाव."

तिनं रडत रडत ती सगळी ओली, हिरवी रोपं पुन्हा लावली. पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात दुप्पट फुलं आली. हे कंद सुकल्यावर हलवले तर रुसतात, हिरवे असतानाच हलवले तर धरतात. थोरल्या माळ्यालाही हे ठाऊक नव्हतं, हिला चुकून कळलं. तेव्हापासून उत्तरेचा वाफा तिचा.

त्या फुलाला बागेच्या पत्र्याच्या पाटीवर भलंमोठं नाव आहे, ते कोणी घेत नाही. आम्ही त्याला घंटी म्हणतो. वीतभर उंचीचं, पांढरं, खाली लोंबणारं फूल. त्याच्या आधी बागेत काहीच फुलत नाही असं नाही. भिंतीच्या कोपऱ्यात एक झुडूप आहे, त्याच्या उघड्या फांद्यांना भर थंडीत पिवळ्या दोऱ्यांचे गुंते आल्यासारखी फुलं येतात. पण चार दिवस ऊन पडलं की ते डिसेंबरातच फुलून बसतं, म्हणून मावशी त्याला लबाड म्हणते आणि मोजत नाही.

मोजायचं कशासाठी, तेही सांगते. आमची बाग डिसेंबरच्या मध्यावर बंद होते, कारण वाटांवर बर्फ धरतो आणि माणसं घसरतात. ती पुन्हा उघडण्याची ठरलेली तारीख नाही. ज्यानं ही जागा गावाला दिली त्या गृहस्थानं कागदावर लिहून ठेवलंय की उत्तरेच्या वाफ्यात पहिली घंटी उमलेल त्या सकाळी मोठं फाटक उघडायचं. त्यासाठी अवजारांच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली असते. तारीख, जागा, आणि शेवटचा रकाना: प्रथम पाहणाऱ्याची सही. तीस-बत्तीस वर्षं त्या रकान्यात एकाच माणसाची सही आहे.

उमलली म्हणजे काय, याचा मावशीचा नियम कडक आहे. कळी सुरुवातीला सुईसारखी वर तोंड करून उभी असते. कितीही पांढरी दिसली तरी ती कळीच. तिनं मान खाली घातली की फूल. एका वर्षी गावचे नगराध्यक्ष पाहुणे घेऊन आले आणि "उमललंच आहे की हो, उघडून टाका," म्हणाले. मावशी म्हणाली, "मान वर आहे अजून." नगराध्यक्ष आणि पाहुणे परत गेले. त्या वर्षी फाटक नऊ दिवसांनी उघडलं.

आता वॉचमन. हा मावशीनंतर बारा वर्षांनी आला. उंच, वाकलेला, बोलणं बेताचं. पहाटे पाचला येतो, बॅटरी घेऊन एक फेरी मारतो, मग फाटकाशेजारच्या खोलीत बसतो. मावशी सातला येते. दोघांचं बोलणं म्हणजे "थंडी आहे", "आहे" आणि संध्याकाळी "निघते", "बरं". बावीस वर्षं एवढ्यावर निभावलं.

त्याचं काम असं की कोणी त्याच्याशी गोड बोलत नाही. कुत्रं आत का नाही, सायकल का नाही, पाचलाच का बंद करता, असली भांडणं. पण फाटक उघडायच्या दिवशी सगळं वेगळं असतं. ऑफिसच्या खिडकीत मी पाटी लावते, तासाभरात बातमी पसरते आणि फाटकाबाहेर माणसं जमतात. म्हातारी माणसं, बाबागाड्या घेतलेल्या आया, दोन महिने घरात कोंडलेले सगळे. फाटकाचं दार जड आहे आणि खालून घासतं; आधी खांद्यानं उचलायचं, मग सरकवायचं. वॉचमन ते उचलतो आणि लोक आत येताना एकेक जण त्याच्याकडे बघून हसतो, जणू फुलं त्यानंच आणली. मी एकदा त्याला सहज विचारलं होतं, इतक्या वर्षांच्या नोकरीत आवडलं काय. तो म्हणाला, "त्या दिवशी लोक माझ्याकडे बघून हसतात." आणि मग आपण जास्त बोललो असं वाटून चाव्या पुसायला लागला.

या वर्षी त्याची निवृत्ती फेब्रुवारीच्या अखेरीला होती. अठ्ठावीस तारीख, शनिवार. एरवी घंटी वीस तारखेच्या आसपास येते, त्यामुळे कोणी मनात काही आणलं नव्हतं. पण या वर्षी थंडीनं ठाण मांडलं. वीस गेली, बावीस गेली, कळ्या सुया होऊन उभ्या. वॉचमननं तेवीस तारखेला फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं. ते मी ऑफिसातून पाहिलं आणि मावशीनं वाफ्यातून पाहिलं.

मावशी साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे आमचे अधीक्षक; माणूस वाईट नाही, पण कागदाबाहेर श्वास घेत नाही. ती म्हणाली, "या वर्षी शनिवारी उघडा." साहेब म्हणाले, "फूल आलं का?" ती म्हणाली, "नाही." साहेब म्हणाले, "मावशी, नगराध्यक्षांना तुम्हीच परत पाठवलं होतं." वॉचमनला आठवडाभर ठेवून घ्या, असंही तिनं सुचवून पाहिलं. त्यालाही कागद आडवा आला. नवा माणूस पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून बदलून येणार, हे आधीच ठरलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी, कामाची वेळ संपायच्या सुमारास, मावशी ऑफिसात आली आणि आमची चहाची किटली उकळत्या पाण्यानं भरून घेऊन गेली. दहा मिनिटांनी पुन्हा आली आणि पुन्हा भरली.

"कोणाला चहा पाजतेस?" मी विचारलं.

"वाफ्याला," ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करते. चेष्टा नव्हती. दर वर्षी डिसेंबरात ती घंटीची एक कुंडी काचघरात उबेला आणून ठेवते, साहेबांच्या टेबलासाठी. त्या कुंडीतलं फूल त्या आठवड्यात उमललं होतं. मावशीनं ते कुंडीतून काढलं, गोठलेली माती किटलीच्या पाण्यानं मऊ केली आणि वाफ्यात, डावीकडच्या टोकाला, लावलं. शुक्रवारी सकाळी यायचं, फूल "सापडायचं", वहीत सही करायची, आणि वॉचमननं फाटक उघडायचं, असा बेत. ज्या बाईनं नगराध्यक्षांना दारातून परत लावलं तिचा हा बेत.

शुक्रवारी आम्ही दोघी एकत्रच आलो. ती मला लवकर घेऊन आली, साक्षीदार लागतो म्हणून असेल. कडक दंव पडलं होतं, सगळा वाफा पांढरा. मावशी "बघू या काय म्हणतायत," असं काहीतरी नाटकी बोलत वाफ्याकडे गेली आणि थांबली. डाव्या टोकाला एक बादली पालथी घातलेली होती. बादलीभोवती ताटाएवढ्या जागेवर दंव नव्हतं. काळी, ओलसर माती उघडी पडलेली. थंडीत गरम पाणी ओतलेली जागा सकाळी अशी उघडी पडणार, हे माझ्यासारखीला कळलं नसतं, पण तिला कळायला हवं होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा लबाडी करायला गेली आणि तीही धड जमली नाही.

वॉचमन खोलीतून बाहेर आला.

"मावशी, काल कोणीतरी कुंडीतलं रोप इथं विसरलंय वाटतं," तो म्हणाला. "दंवानं जळेल म्हणून झाकलं."

मावशीचा चेहरा लाल झाला. चूक झाली की ती आधी चिडते, हा तिचा जुना स्वभाव.

"तुम्हाला काय कळतंय हो कुंडीतलं कुठलं आणि वाफ्यातलं कुठलं?"

"देठ लांबलाय. आणि तोंड भिंतीकडे आहे. वाफ्यातली सगळी फाटकाकडे बघतात."

"एवढं कधी बघितलंत?"

"दर वर्षी मीच आधी बघतो की," तो म्हणाला, आणि म्हणून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण बाण सुटला होता.

मावशीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे?"

"पाचला फेरी असते माझी. बॅटरी असते."

"आणि सांगितलं नाहीत?"

"शोधायचं काम तुमचं. उघडायचं माझं."

मला वाटलं मावशी विरघळेल. ती कसली विरघळते! तिचं डोकं भलतीकडेच चाललं. "रविवारी मी येत नाही," ती हळूच म्हणाली. "रविवारी दिसलं असेल तर?"

वॉचमन जमिनीकडे बघत राहिला.

"वॉचमन, रविवारी दिसलं तर काय करत होतात?"

"सोमवारपर्यंत गप्प बसायचो."

मग तिनं अवजारांच्या खोलीतून वही आणली. वॉचमनच्या खोलीत स्टुलावर बसून तिनं त्याच्याकडून एकेक वर्ष वदवून घेतलं. त्याला सगळं आठवत होतं. कारंजं फुटलं त्या वर्षी रविवार होता. भिंतीला चुना दिला त्या वर्षीही. नवे बाक आले तेव्हा एकदा. आणि एका वर्षी तर मावशी तापानं आडवी होती, त्या वर्षी दोन दिवस. म्हणजे अख्खं गाव दोन दिवस फाटकाबाहेर राहिलं, कारण एका माणसाला वाटलं की फूल पहिल्यांदा बघायचा मान आजारी पडलेल्या बाईचा आहे. मावशीनं चारही तारखा लाल पेननं खोडल्या, खऱ्या लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे सही केली. ती रागावली होती की तिला भरून आलं होतं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते: दोन्ही होतं.

"आणि हे?" तिनं बादलीकडे हात केला. "हे कशाला झाकलंत? गप्प बसला असतात. उद्या संध्याकाळी चाव्या द्यायच्यात तुम्हाला."

"मला उघडायचं होतं," वॉचमन म्हणाला. "नव्हतं असं नाही. पण माझ्यापायी तुमच्या वहीत खोटं नको."

वहीत चार खोट्या तारखा त्याच्यामुळेच होत्या, हे मावशीनं बोलून दाखवलं नाही, यावरून मी काय ते समजले. मला त्या खोलीत रडू आलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण आलं.

शनिवारी काही उमललं नाही. शेवटपर्यंत मला वाटत होतं की उमलेल. दुपारी थोडं ऊनही पडलं. पण कळ्यांना निवृत्तीची तारीख कोण सांगणार? संध्याकाळी साहेबांनी चार वाक्यं बोलून वॉचमनला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मावशीनं ते कुंडीतलं रोप पुन्हा कुंडीत घालून त्याच्या हातात ठेवलं. "पुढच्या वर्षी फूल देणार नाही हं, दमलंय ते. त्याच्या पुढच्या वर्षी देईल. पाणी बेतानं घाला," एवढंच बोलली. त्यानं चाव्या टेबलावर ठेवल्या, एका हातात घड्याळ आणि एका हातात कुंडी घेतली आणि छोट्या दारानं बाहेर पडला. मोठं फाटक बंदच होतं.

त्यानंतर पाच दिवस गेले. नवा वॉचमन आला. पन्नाशीचा, जाडा, बोलका. त्याला बागेची सवय नव्हती, दर तासाला उठून नळ नीट बंद आहेत का बघायचा.

सहाव्या दिवशी, शुक्रवारी, सातला आम्ही आलो तर मोठ्या फाटकाबाहेर आपला वॉचमन उभा होता. गणवेश नव्हता, साधा कोट होता, आणि गणवेशाविना तो आणखीच वाकलेला वाटत होता. हात खिशात. आम्हाला बघून त्यानं रस्त्याकडे तोंड फिरवलं, जणू बसची वाट बघतोय. त्या रस्त्यानं बस जात नाही.

फाटकाच्या गजांमधून उत्तरेचा वाफा समोर दिसतो.

"थंडी आहे," मावशी म्हणाली.

"आहे."

"दिसलं?"

"मी कुठं काय बघतोय? फिरायला आलो होतो."

"वॉचमन," मावशी म्हणाली, "आता गप्प बसायचा पगार मिळत नाही तुम्हाला. खरं सांगा."

"सहा वाजून दहा मिनिटांनी. डावीकडून तिसरं. खालच्या बाजूला."

मावशी छोट्या दारानं आत गेली, रबराचा तुकडा टाकला, गुडघे टेकले. डावीकडून तिसरं, खालच्या बाजूला. फुलानं मान खाली घातलेली होती. ती तशीच बराच वेळ बसून राहिली. मग उठून अवजारांच्या खोलीत गेली आणि वही घेऊन फाटकाशी आली. तारीख तिनं लिहिली. जागा तिनं लिहिली. मग पान उघडं धरून वही गजांमधून बाहेर दिली आणि खिशातली अर्धी पेन्सिलही दिली.

"सही करा."

"मी?"

"आधी कोणी बघितलं?"

त्यानं वही गजांवर टेकवली आणि सही केली. परत दिली तेव्हा मावशीनं ती वाचली नाही, काखेत धरली आणि नव्या वॉचमनला म्हणाली, "उघडा."

मी ऑफिसच्या खिडकीत पाटी लावून आले तोवर नव्या वॉचमननं कुलूप काढलं होतं आणि दार ओढत होता. दार हलेना. तो लाल झाला, मग त्यानं खाली वाकून काही अडकलंय का बघितलं, बहुधा नळ शोधत असेल. बाहेर चार-सहा माणसं जमली होती.

"उचला आधी," आपला वॉचमन बाहेरून म्हणाला. "खांद्यानं उचला, मग सरकवा."

"उचलतोय की हो!"

"असं नाही." आणि त्यानं बाहेरून दाराला खांदा लावला, दार उचललं आणि सरकवलं. ते आवाज न करता आत गेलं. बिजागरीला तेल होतंच. दारामागोमाग तो स्वतःही आत आला. बावीस वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा तो मोठ्या फाटकानं, लोकांसारखा बाहेरून आत येत होता, आणि आत आल्यावर आता कुठं उभं राहायचं ते त्याला कळेना. तो जुन्या जागी, खांबाशी उभा राहिला. लोक आत येऊ लागले. एक म्हातारी त्याच्याकडे बघून हसली, मग तिच्यामागची बाबागाडीवाली. नेहमीसारखेच, एकेक करून सगळे.

मावशी वही खिळ्याला लावायला गेली, तेव्हा मी मागोमाग गेले. तिनं पान उघडून बघितलं. प्रथम पाहणाऱ्याची सही या रकान्यात त्यानं नाव लिहिलं नव्हतं. बावीस वर्षं रोज सकाळी हजेरीच्या पुस्तकात लिहायचा तेच लिहिलं होतं: वॉचमन.

"अगं, पण आता तो वॉचमन नाही," मी म्हणाले. "साहेब विचारतील."

"बरोबर लिहिलंय," मावशी म्हणाली, आणि वही खिळ्याला टांगली.